‘राजदूतपदी’ की ‘राजदूतपदासाठी’?

एका वाचकाचा प्रश्न असा: “२०२५च्या ऑगस्टमध्ये वाचलं, की डोनाल्ड ट्रम्प यांनी सर्जिओ गोर यांची भारतातील राजदूतपदी नियुक्ती केली. ऑक्टोबरमध्ये वाचलं, की गोर यांच्या नियुक्तीला सिनेटने मंजुरी दिली. नियुक्ती आधीच झाली होती तर मंजुरी कशाची? आणि या प्रकाराला मराठीत नामांकन म्हणायचं, नामनिर्देशन म्हणायचं की सरळ नेमणूक?”

ऑगस्टमध्ये नियुक्ती झालेलीच नव्हती. २२ ऑगस्टला ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर नाव जाहीर केलं. मग ते रीतसर सिनेटकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे गेलं, ११ सप्टेंबरला परराष्ट्र व्यवहार समितीपुढे गोर यांची सुनावणी झाली आणि ७ ऑक्टोबरला १०७ जणांच्या एकगठ्ठा यादीवर ५१ विरुद्ध ४७ अशी मतं पडून त्यांच्या नावाला संमती मिळाली. शपथ झाली नोव्हेंबरमध्ये. या सगळ्या प्रवासाला आपण पहिल्याच दिवशी ‘नियुक्ती’ म्हणून मोकळे होतो, आणि मग पुढच्या प्रत्येक टप्प्याला शब्द उरत नाही. वाचक गोंधळतो तो इथे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतलं मूळ वाक्य पाहिलं की गाठ सुटते. दुसऱ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात ते आहे. त्याचा आशय असा: अध्यक्ष नावे निर्देशित करतील, आणि सिनेटचा सल्ला व संमती घेऊन राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि इतर अधिकारी यांची नियुक्ती करतील. एकाच वाक्यात दोन क्रियापदं आहेत आणि त्या दोघांच्या मध्ये सिनेट बसवलेलं आहे. नाव देणारे अध्यक्षच, नेमणारेही अध्यक्षच. पण पहिल्या कामाला त्यांना कुणाला विचारावं लागत नाही, दुसऱ्याला लागतं. मराठीत दोन्ही क्रियापदांना ‘नियुक्ती’ म्हटलं तर मधलं सिनेट वाक्यातून गळूनच पडतं.

हा फरक किती खरा आहे, हे १८०३ सालच्या मारबरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात दिसतं. १८०१च्या मार्चमध्ये जॉन अॅडम्स यांच्या अध्यक्षपदाचे शेवटचे तास चालू होते. विल्यम मारबरी यांचं नाव राजधानीच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या न्यायपदासाठी सिनेटकडे गेलं होतं, सिनेटची संमतीही मिळाली होती. अॅडम्स यांनी सनदेवर सही केली, परराष्ट्रमंत्र्यांनी तिच्यावर मुद्रा उमटवली, पण ती मारबरींच्या हाती पोचली नाही. नवे अध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने, म्हणजे नवे परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांनी, ती दिलीच नाही, म्हणून मारबरी कोर्टात गेले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकालात टप्पे वेगळे करून दाखवले: नाव देणं, नियुक्ती, आणि सनद. अध्यक्षांची सही झाली की नियुक्ती झाली आणि मुद्रा उमटली की सनद पुरी झाली, कागद हातात पडो न पडो, असं त्यांनी म्हटलं. गंमत म्हणजे ती मुद्रा उमटवणारे परराष्ट्रमंत्री हे स्वतः मार्शलच होते.

इथे आपला एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. शिवकालीन पत्रात वर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली ‘मर्यादेयं विराजते’ असं मोर्तब. मोर्तब झालं की पत्र पुरं. त्याखाली कुणी ओळ घुसडू शकत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथला. आज ‘गोर यांच्या नावावर सिनेटचं शिक्कामोर्तब’ असं सर्रास लिहितात. लाक्षणिक अर्थाने ते चालतं, मी ते खोडणार नाही. पण शब्दाचं वजन ओळखणाऱ्याने लक्षात ठेवावं, की खरं शिक्कामोर्तब सिनेटच्या मतदानानंतर, अध्यक्षांच्या सही-मुद्रेने होतं. सिनेट देतं ती संमती. तसंच ‘वस्त्रे’ या शब्दाचं. १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली, आणि पुढेही साताऱ्याहून वस्त्रे आल्याखेरीज पेशवा रीतसर पेशवा होत नसे. नाव ठरणं निराळं आणि पद अंगावर येणं निराळं, हे मराठीला नवीन नाही.

आता मुख्य शब्द. ‘नामांकन’ चित्रपट-पुरस्कारांच्या बातम्यांतून चांगलाच रुळला आहे आणि हिंदीतूनही त्याला बळ मिळतं. तरी राजदूताच्या बाबतीत मी तो टाळतो, कारण त्याचं विशेषण मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेलं आहे. नामांकित वकील, नामांकित शाळा, नामांकित पेढी. ‘नामांकित राजदूत दिल्लीत’ असं वाचलं तर मराठी माणूस समजणार, की कुणी मोठा गाजलेला मुत्सद्दी आला. क्रियेला एक शब्द आणि त्या क्रियेतून निघालेल्या माणसाला भलताच अर्थ, अशी जोडी बातमीत पायात येते.

‘नामनिर्देशन’ राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात आहे, निवडणुकीच्या अर्जावर आहे, बँकेच्या फॉर्मवरही आहे. जड आहे, पण चूक नाही आणि त्याचं विशेषण ‘नामनिर्देशित’ही सरळ आहे. सरकारी किंवा अभ्यासाच्या लेखनात हाच वापरावा. रोजच्या बातमीत मात्र मला ‘नाव सुचवलं’, ‘नाव पुढे केलं’, ‘नाव सिनेटकडे पाठवलं’ ही क्रियापदं जास्त आवडतात. नेमकी आहेत, आणि नाव अजून नावच आहे, पद झालेलं नाही, हे त्यांत आपोआप येतं.

‘शिफारस’ मात्र इथे नको. शिफारस करणारा एक आणि नेमणारा दुसरा असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं न्यायवृंद न्यायाधीशांची नावं सुचवतं आणि नियुक्ती राष्ट्रपती करतात, तिथे शिफारस अगदी बरोबर बसते. अमेरिकेत नाव देणारा आणि नेमणारा एकच. ‘उमेदवार’ही जपून वापरावा, उमेदवार म्हटलं की समोर दुसरा उमेदवार उभा राहतो आणि निवडणूक डोळ्यांपुढे येते. सिनेटपुढे एका पदासाठी एकच नाव असतं, त्याला हो म्हणायचं किंवा नाही.

पण खरी मेख नामात नाही, विभक्तीत आहे. ‘राजदूतपदी’ आणि ‘राजदूतपदासाठी’ हे पाहा. ‘पदी’ ही सप्तमी. ती माणसाला खुर्चीत बसवूनच थांबते. ‘पदासाठी’ त्याला दाराशी उभं ठेवतं. त्यामुळे ‘राजदूतपदासाठी निवड’ हे नाव जाहीर झालेल्या दिवशी बिनचूक आहे, आणि ‘राजदूतपदी निवड’ हे त्याच दिवशी चूक आहे, ‘निवड’ हा शब्द दोन्हीकडे तोच असूनही. मथळ्यात जागा कमी असते आणि ‘पदी’ आटोपशीर आहे, म्हणून तो निवडला जातो. दोन अक्षरं वाचतात आणि वस्तुस्थिती बदलते. ज्यांच्या हाती मथळे आहेत त्यांना माझी एवढीच कळकळीची विनंती आहे, की बाकी शब्द कोणताही घ्या, सिनेटची संमती येईपर्यंत ‘पदी’ लिहू नका.

यात शब्दच्छल वाटत असेल तर जॉन टॉवर आठवावेत. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी संरक्षणमंत्रीपदासाठी त्यांचं नाव दिलं. टॉवर स्वतः अनेक वर्षं सिनेटर होते, तरी सिनेटने ४७ विरुद्ध ५३ मतांनी त्यांना नाकारलं. त्यांची ‘संरक्षणमंत्रीपदी नियुक्ती’ एक दिवसही झाली नाही. आणि आपल्या जवळचं उदाहरण एरिक गार्सेटी यांचं. लॉस एंजेलिसचे हे तेव्हाचे महापौर. जुलै २०२१ मध्ये बायडेन यांनी भारतातील राजदूतपदासाठी त्यांचं नाव दिलं. महापौर कार्यालयातल्या एका सहकाऱ्यावरच्या गैरवर्तनाच्या आरोपांबाबत गार्सेटींना काय ठाऊक होतं, यावरून ते अडकलं. त्या वेळच्या अमेरिकी संसदेची मुदत संपली तशी जानेवारी २०२३ मध्ये नाव अध्यक्षांकडे परत आलं, बायडेन यांनी ते पुन्हा पाठवलं, आणि १५ मार्च २०२३ला ५२ विरुद्ध ४२ मतांनी संमती मिळाली. मे महिन्यात त्यांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना अधिकारपत्र सादर केलं. २०२१च्या जानेवारीपासून तोवर दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाला पूर्णवेळ राजदूत नव्हता, प्रभारींवर कारभार चालला. दीड वर्षाहून जास्त काळ ज्या माणसाला आपण ‘नियुक्त राजदूत’ म्हणत होतो तो अजून अमेरिकेतच सिनेटच्या मतांची वाट पाहत होता!

मधल्या काळातल्या अशा माणसाला काय म्हणावं? यासाठी मराठीत उत्तम शब्द तयार आहे: नियोजित. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांना आपण सूत्रं हाती येईपर्यंत ‘नियोजित अध्यक्ष’ म्हणतो, आणि कुणालाही त्यात खटकत नाही. ठरलं आहे, पण कार्य व्हायचं आहे, हा अर्थ ‘नियोजित वधू’पासून सगळीकडे स्वच्छ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोर दिल्लीत पंतप्रधानांना भेटले तेव्हा सिनेटची संमती मिळालेली होती, पण शपथ आणि अधिकारपत्र बाकी होतं. पंतप्रधानांनीही त्यांचा उल्लेख इंग्रजीत पूर्ण राजदूत असा केला नाही, नियोजित राजदूत याच अर्थाचा शब्द वापरला. सिनेटचं मत पडायच्या आधी मात्र मी ‘प्रस्तावित राजदूत’ म्हणेन. नाव नुसतं प्रस्तावित असताना ते ‘नियोजित’ म्हणणंही जरा घाईचं आहे.

इथे कुणी म्हणेल, की मग आपण ‘राष्ट्रपतिनियुक्त खासदार’ कसे म्हणतो? इंग्रजीत तिथेही ‘नॉमिनेट’ हाच शब्द आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चौघांना पाठवलं, त्यात उज्ज्वल निकम होते आणि वॉशिंग्टनमध्ये राजदूत राहिलेले हर्षवर्धन शृंगलाही होते. मराठीत आपण त्यांना राष्ट्रपतिनियुक्त म्हणतो आणि ते योग्यच आहे, कारण अनुच्छेद ८० खाली राष्ट्रपतींनी नाव दिलं की काम पुरं होतं. त्यावर कुणाचं मतदान नाही. विधान परिषदेचे राज्यपालनियुक्त आमदार तसेच. महापालिकेत याच धर्तीच्या सदस्याला लोक ‘स्वीकृत नगरसेवक’ म्हणतात. इंग्रजीच्या एका शब्दाला मराठीने प्रसंग पाहून तीन-चार शब्द दिले आहेत, आणि प्रत्येक वेळी पाहिलं ते एवढंच, की क्रिया पुरी झाली का. हीच नजर अमेरिकेच्या बातमीला लावायची आहे. भारताच्या राजदूतांना संसदेची संमती लागत नाही. त्यामुळे विनय मोहन क्वात्रा यांची २०२४ मध्ये अमेरिकेतील राजदूतपदी ‘नियुक्ती’ झाली हे वाक्य पहिल्या दिवसापासून खरं होतं.

अमेरिकेतही सगळी पदं सिनेटकडे जात नाहीत. माइक वॉल्ट्झ यांचं उदाहरण यासाठी फार सोयीचं आहे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला सिनेटची संमती लागत नाही, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्यांची त्या पदी ‘नियुक्ती’ झाली. मे महिन्यात त्यांना तिथून काढून संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचं ‘नाव देण्यात आलं’, आणि सप्टेंबरमध्ये सिनेटच्या संमतीनंतर ते त्या ‘पदी’ गेले. एकच माणूस, एकच वर्ष, क्रियापदं दोन. जॉन बोल्टन यांच्याबाबत उलटं झालं. ऑगस्ट २००५ मध्ये सिनेट सुट्टीवर असताना धाकट्या बुश यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत पाठवलं. राज्यघटना अशी तात्पुरती मुभा देते. तिथे संमतीविना झालेली असली तरी ती ‘नियुक्ती’च होती, फक्त मुदतीची, आणि २००६च्या अखेरीस त्यांना पद सोडावं लागलं.

शेवट फसतो तेव्हाही शब्द जपून हवेत. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठीचं एलिस स्टेफानिक यांचं नाव ट्रम्प यांनी मागे घेतलं. तो राजीनामा नव्हे आणि हकालपट्टीही नव्हे, कारण सोडायला पदच नव्हतं. ‘नाव मागे घेतलं’ एवढंच लिहावं. गार्सेटींचं नाव २०२३च्या जानेवारीत ‘परत आलं’, ते ‘फेटाळलं’ गेलं नव्हतं. टॉवर यांचं फेटाळलं गेलं, कारण तिथे मतदान होऊन नकार आला.