वाचक विचारतात : जहाज सुटताना

प्रश्न : मुंबई–गोवा क्रूझचं बुकिंग केलंय. मुलांना सुटतानाची डेक-पार्टी हवी आहे. सासऱ्यांना मात्र मुंबई मागे पडताना निवांत बघायची आहे. डीजे लागला की त्यांचं डोकं उठतं. दोन्ही कसं जमवावं?
– वाचक, ठाणे

उत्तर : जमेल. पार्टी असते वरच्या उघड्या डेकवर, पोहण्याच्या तलावाभोवती, आणि तिथून बाहेरचं फारसं दिसत नाही. मधे गर्दी असते, काचांचे आडोसे असतात. नाचून दमल्यावर लोक कठड्याशी येतात, तोवर गेटवे गेलेलं असतं. मग हळहळ.

सासऱ्यांना खालच्या एखाद्या डेकवर कठड्याशी उभं करा. बॅलार्ड पिअरवरून सुटलं की जहाज बंदरातून दक्षिणेकडे निघतं, म्हणजे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर गेटवे, ताज, कुलाबा आणि पुढे प्रोंग्जचं दीपगृह उजव्या हाताला येतं. खांदेरी डावीकडे. फक्त जहाज वळून सरळ होईपर्यंत जागा पकडायची घाई नको. संध्याकाळी सूर्य शहरामागे असतो, त्यामुळे इमारतींचे फोटो काळे येतात. दिवे लागेपर्यंत थांबलेलं बरं.

छापील वेळेवर विसंबू नका, दोरांवर लक्ष ठेवा. धक्क्यावरची माणसं लोखंडी खुंटांवरून दोर सोडायला लागली की मुलांनाही पंधरा-वीस मिनिटं खाली बोलवा. (आमच्या मते डीजेनेही तेवढा वेळ गप्प बसावं, पण ऐकतो कोण!) भोंगा दणदणीत असतो, लहानग्यांचे कान झाका. बंदराबाहेर पायलटची (जहाजाला बंदरातून वाट दाखवणाऱ्या जाणकाराची) छोटी बोट चालत्या जहाजाच्या बगलेला येते आणि पायलट दोरशिडीने किंवा बगलेच्या दारातून तिच्यात उतरतो. हे दृश्य चुकवू नका. त्यानंतर जहाज वेग घेतं. १८ नॉट म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर, त्यात समोरचा वारा. टोपी, ओढणी, मोबाइल सांभाळा.

आणि आधी मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत, उरका. २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. पूर्वी २४ तासांची मुभा होती. कवायत राहिली, तर ऐन पार्टीत बोलावणं येईल.

प्रश्न : जुन्या फोटोंत प्रवासी धक्क्याकडे रंगीत कागदी फिती सोडताना दिसतात. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही फिती आणि फुगे नेले तर?
– वाचक, सांगली

उत्तर : नका नेऊ. फितीचं एक टोक प्रवाशाच्या हातात, दुसरं धक्क्यावरच्या माणसाच्या. जहाज सरकलं की फीत तुटायची. प्रथा गोड होती, पण कचरा पाण्यात जायचा. आता मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने जहाजावरून कुठलंही प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण बंदी आहे, आणि वाऱ्याने उडालेला फुगा शेवटी पाण्यातच पडतो. नारळ वाहायचा असेल तर तोही किनाऱ्यावरूनच वाहा. दहा मजल्यांवरून सोडलेला नारळ समुद्राआधी खालच्या बाल्कनीत कुणाच्या तरी डोक्यावर पोचायचा.

प्रश्न : तलावाच्या बरोबर खालची केबिन स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?
– वाचक, नाशिक

उत्तर : झोप गाढ असेल तरच. संगीत रात्री थांबतं, पण पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज पोलादातून थेट उशाशी येतो. डेकचा नकाशा मागवा आणि जिच्या वर-खाली केबिनच आहेत अशी केबिन निवडा.