देवमासा किनाऱ्याला लागला, तर अभ्यास कशाचा आणि कधी करायचा?

कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: रत्नागिरीकडे देवमासा लागल्याचं कळलं, पण आम्ही आंबा घाट उतरून पोचेपर्यंत तो पुरलाही होता. मग अभ्यास करायचा तरी कधी?

ताई, पुरायची घाई उगाच नसते. चरबीचा जाड थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. वरून कातडी तुकतुकीत दिसते, तोवर आतलं काळीज, आतडी सडायला लागलेली असतात. वायूही साठत जातो. तैवानमधल्या ताइनान शहरात जानेवारी २००४ मध्ये ट्रकवरून नेताना एक स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता. तेव्हा फुगलेल्या पोटाजवळ घुटमळू नका, सुरी पशुवैद्यकांनाच लावू द्या.

तुमच्या हातात असतं ते मोजमाप. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी घ्यायची, पाठीच्या वळणावरून टेप फिरवायचा नाही. मग डोक्याचे फोटो. डोक्यावर तीन उभे कंगोरे दिसले तर ब्रायड्स व्हेल, हा आपल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा. मादी आहे की नर, अंगावर जाळ्याचे वळ किंवा जहाजाच्या पंख्याचे घाव आहेत का, हे तिथेच लिहून ठेवा. उद्यावर टाकलं तर ते कायमचं गेलं.

पण माझा खरा जीव अडकतो तो लहान हाडांत. कवटी आणि मणके जेसीबीनेही निघतात. कमरेची दोन हाडं मात्र पाठीच्या कण्याला जोडलेलीच नसतात, जननेंद्रियाजवळच्या मांसात नुसती रुतलेली असतात. मांस खरवडून फेकलं की तीही त्याच ढिगात जातात. मागच्या पायांची एवढीच खूण उरलेली, आणि नेमकी तीच हरवते! स्कॉटलंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन स्ट्रदर्स यांनी १८८१ मध्ये ग्रीनलंड राइट व्हेलच्या अशाच खुंटलेल्या मागच्या पायांवर, त्यांच्या सांध्यांवर आणि स्नायूंवर लिहिलं. पुढे १८८४ मध्ये टे नदीच्या मुखाशी भाल्याने घायाळ होऊन मेलेला हंपबॅक व्हेल त्यांच्या हाती आला, तोही कुजलेला. तरी त्यांनी सोडला नाही. कुजलेला म्हणून हात झटकून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कानाची हाडंही तशीच. अतिशय घट्ट आणि जड असतात, पण कवटीला सैल धरलेली, त्यामुळे वाळूत गळून पडतात. पुरायच्या आधी दोन्ही कल्ले, म्हणजे पुढचे वल्ह्यासारखे हात, मच्छीमारांच्या जुन्या नायलॉन जाळीत वेगवेगळे गुंडाळून घ्या, डावा-उजवा अशी चिठ्ठी बांधा. वर्षा-दोन वर्षांनी उकरल्यावर बोटांची हाडं ओळीने सापडतील. हाडांतून तेल पाझरणं मात्र नंतरही बराच काळ चालू राहतं.

देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय दाताचा तुकडासुद्धा उचलू नका. तेव्हा मासा लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज पावसाळ्याआधीच वनविभागाकडे देऊन ठेवा.

तोवर मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा अख्खा पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट आणा, उकडा आणि हाडं क्रमाने मांडा. फरा, दंडाचं हाड, पुढची जोडहाडं, मनगट: हाच क्रम कल्ल्यातही आहे. फक्त लांबी-रुंदी बदलते, आणि बोटांत हाडांचे तुकडे वाढतात. एवढं हाताला सरावलं की किनाऱ्यावर नेमकं काय शोधायचं ते विचारावं लागणार नाही.