पालेर्मोचा राजवाडा : मंगळवार ते गुरुवार तिथे असाल, तर आधी हे वाचा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. सत्तरीतले आईवडील, रोमहून मंगळवारी सकाळी इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोत, गुरुवारी रात्री परत, आणि यादीत पहिलं नाव पालात्सो देई नोर्मान्नी, म्हणजे नॉर्मन राजांचा वाडा. अहो, ही आमचीच सहल आहे, २०१८ सालची. वारसुद्धा तेच! व्हिसाचे कागद, विमा, पाकीटमार वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच असं धरते आणि जिथे आमचे हात पोळले तेच सांगते.

तो नुसता जुना राजवाडा नाही, चालतं सरकारी कार्यालय आहे. सिसिलीला स्वायत्तता मिळाली, १९४७ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि तेव्हापासून तिथली प्रादेशिक विधानसभा याच वाड्यात बसते. शनिवारवाडा जळला नसता आणि आपलं हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी तिथे भरत असतं, तर पर्यटकांचं जे झालं असतं तेच इथे होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे दिवस आमदारांचे. वरच्या मजल्यावरची राजघराण्याची दालनं, त्यातली रॉजर राजाची खोली आणि सभागृह म्हणून वापरलं जाणारं 'साला देर्कोले', म्हणजे हर्क्युलिसचं दालन, हे सगळं त्या तीन दिवसांत बंद. शुक्रवार ते सोमवार उघडं. खालचं कापेल्ला पालातीना हे प्रार्थनाघर मात्र आठवडाभर बघता येतं. आम्ही गेलो तेव्हाची ही पद्धत. मध्येच समारंभ निघाला की बदल होतात, म्हणून निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघाच.

आता आमची चूक. तारखा जुळवताना मी हे बघितलंच नाही, ही पहिली. पण ती सुधारता आली असती. निघायच्या बारा दिवस आधी रात्री सहज वाचताना मला हे कळलं. रोम आणि पालेर्मोची अदलाबदल केली असती तर शनिवार-रविवार-सोमवार पालेर्मोत मिळत होते. हॉटेलं फुकट रद्द होत होती, विमानाचा बदल चौघांचा मिळून नऊ-साडेनऊ हजारांत बसत होता. मी काय करावं? आमचा व्हिसा ज्यांच्याकडून करून घेतला होता त्या कार्यालयाला फोन केला. नाव घेत नाही, स्टेशनजवळच आहे, पाटी मोठी आहे. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, वकिलातीला जो कार्यक्रम दाखवलाय तोच करायचा. एक दिवस इकडचा तिकडे झाला तरी विमानतळावर अडवतात. पुढच्या वेळी व्हिसा विसरा." वर कार्यक्रम 'सुधारून' देण्याचे माणशी चार हजार सांगितले. ते मी दिले नाहीत, एवढंच काय ते शहाणपण. पण घाबरले. सोबत म्हातारी माणसं, कुठे जोखीम घ्या, म्हणून आहे तेच ठेवलं.

रोमच्या विमानतळावर काय झालं? अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस? नवऱ्याने सांगितलं, अकरा. शिक्का. चाळीस पानी रंगीत फाइल मी छातीशी धरून उभी होते, ती कुणी उघडायलासुद्धा सांगितली नाही.

नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की आमचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, अख्ख्या शेंगेन क्षेत्राचा असतो. ज्या देशाकडून घेतला तिथेच मुख्य मुक्काम असावा, दिवसांची मर्यादा आणि व्हिसाच्या तारखा पाळाव्यात, हे महत्त्वाचं. एकाच देशातली दोन शहरं मागेपुढे केली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. मी वकील नाही, व्हिसातज्ज्ञ तर नाहीच, तेव्हा हा अनुभवाचा सल्ला समजा. पण 'कार्यक्रमाला हात लावू नका' असं कुणी दरडावलं, तर त्याला विचारा की हा नियम कुठे लिहिलाय. मी विचारलं नाही. माझा राग आजही त्या गृहस्थांपेक्षा स्वतःवर जास्त आहे. म्हणजे त्यांच्यावरही आहेच.

तर तुम्ही अजून काही बुक केलं नसेल तर सरळ शहरं फिरवा. फक्त व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, ते जपा. नाहीतर एक खड्डा चुकवताना दुसऱ्यात पडाल. आणि 'संपूर्ण राजवाडा' असं लिहिलेलं तिकीट मधल्या दलालाकडून घेऊ नका. आमचं तसंच होतं. पैसे परत मागितले तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं की त्या दिवशी वास्तू उघडी होती, सबब परतावा नाही. खोटं कसं म्हणणार? उघडी होतीच की.

या प्रकरणाला आमच्या घरी आणखी एक धार आहे. बाबा एकतीस वर्षं विधिमंडळ सचिवालयात नोकरीला होते. त्यांना मोझेक-बिझेकमध्ये, म्हणजे रंगीत काचेचे बारीक तुकडे जोडून केलेल्या भिंतीवरच्या चित्रांत, काडीचा रस नव्हता. नऊशे वर्षं जुन्या वाड्यात सभागृह कसं बसवलंय, अध्यक्षांचं आसन कुठे, पत्रकारांचा सज्जा कुठे, हे त्यांना बघायचं होतं. जिन्याशी दोरी लावलेली आणि शेजारी गणवेशातला रखवालदार. बाबांनी त्याला खुणा करून विचारलं, आज बैठक आहे का? त्याने मान हलवली, नाही. मग सोडा की! त्याने पुन्हा मान हलवली. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाबाच हसले. "अधिवेशन नसलं तरी पास लागतो," म्हणाले, "आमचे मार्शलसुद्धा सोडत नसत." त्यांनी त्या माणसाला चक्क नमस्कार केला. चौघांत एकटे तेच न चिडलेले.

असो. खालचं प्रार्थनाघर मात्र मनापासून बघा, त्यासाठी वेगळा दीड तास ठेवा. लोक सोनेरी मोझेक बघून, फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात. नॉर्मन राजा दुसरा रॉजर ११३० मध्ये राजा झाला आणि दहा वर्षांत त्याने हे उभारलं. घुमटावरचा ख्रिस्त बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती साम्राज्याच्या पद्धतीचा, त्याभोवतीचा लेख ग्रीक, त्यात ११४३ हे साल. पण मान वर करून मधल्या भागाचं लाकडी छत बघा. मधाच्या पोळ्यासारखी कोरीव घडण, मुकर्नस म्हणतात तिला, अरबी कारागिरीची. त्या खणाखणांत वादक, नाचणाऱ्या बायका, मांडी घालून पेला धरलेले दरबारी, उंट, आणि तंबूत बसून बुद्धिबळ खेळणारे दोघे रंगवलेत. ख्रिस्ती राजाच्या देवघरात! नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पक्षी बघायची छोटी दुर्बीण न्या. आमची घरी राहिली होती, शेजारच्या जर्मन आजींनी त्यांची दिली म्हणून बुद्धिबळवाले सापडले. बाहेरच्या भिंतीवर ११४२ सालचा एक शिलालेख आहे, रॉजरने बसवलेल्या पाणघड्याळाचा, लॅटिन, ग्रीक आणि अरबीत. बाबा म्हणाले, "त्रिभाषा सूत्र."

रविवारी सकाळी तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना असते, तेवढा वेळ पर्यटकांना प्रवेश नाही. म्हणजे वार बदलून रविवार धरलात तर वेळ आधी बघून जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईच्या साडीला कुणी काही म्हणालं नाही, नवऱ्याच्या अर्ध्या चड्डीवर मात्र कटाक्ष आला.

समजा वार बदलणं शक्यच नाही. मग माझं मत असं, आणि हे निव्वळ माझं मत : राजवाड्यामागे रडू नका, पालात्सो स्तेरीला जा. चौदाव्या शतकातला कियारामोंते घराण्याचा वाडा. सतराव्या शतकापासून तिथे इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांना पकडून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, ठाणं होतं, १७८२ मध्ये ते बंद झालं, आणि आता विद्यापीठाच्या कुलगुरूंचं कार्यालय आहे. कैद्यांनी कोठडीच्या भिंतींवर काढलेली चित्रं, नकाशे, कविता अजून आहेत. हाताशी असेल त्याने काढलेली, विटेची भुकटीसुद्धा. तिथे वाटाड्याबरोबरच सोडतात. गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल आपण शाळेपासून ऐकतो, पण त्याच जातीच्या तुरुंगाच्या भिंतीसमोर उभं राहणं वेगळं. आई लवकर बाहेर आली. तुमच्या आईंना आधी कल्पना द्या.

तेआत्रो मास्सिमो (१८९७) बाहेरून भव्य, आतला फेरफटका वाटाड्याबरोबर असतो, तालीम असेल तर काही भाग वगळतात. महापालिकेचा पालात्सो प्रेतोरिओ मी बाहेरूनच बघितला, कारण समोरचं कारंजं सोडून कुणी हलेना. ते मुळात फ्लॉरेन्समधल्या एका बागेसाठी घडवलेलं. पालेर्मोच्या नगरसभेने विकत घेतलं आणि सोळाव्या शतकात तुकडे करून जहाजाने आणलं. बरेच पुतळे उघडे, म्हणून लोक त्या चौकाला लाजेचा चौक म्हणतात. आईने तिथे पाऊण तास विश्रांती घेतली आणि लाजबिज काही वाटल्याचं दिसलं नाही.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलं नाहीत, तरी सांगते. पानेल्ले मागा. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात. पाटवडी तळून वडापावात घातली तर जे होईल ते. चटणीची पुडी बरोबर असू द्या. तळणीचं तेल वेगळं असतं का, हे गाडीवर विचारून घ्या, काही ठिकाणी त्यातच बाकीचंही तळतात.

आता तुमची विमानाची वेळ आणि तिकीट बदलता येतं का, तेवढं लिहा. आणि वडिलांच्या गुडघ्यांचं कसं आहे? पालेर्मोजवळच्या मोनरेआले गावाला नेणार असाल तर त्याबद्दल वेगळं सांगेन, तिथे बसथांब्यापासून चढ आहे आणि आम्ही तोही अंदाज चुकवला होता.