हातात आलेले फोल्डर सोर्स कोडचे की पब्लिश केलेले?

पतसंस्थेचे वेब ॲप्लिकेशन तयार करणाऱ्याने काम सोडताना दिलेल्या दोन फोल्डरांपैकी सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला, बदलता येणारा मूळ कोड) कोणता आणि पब्लिश केलेले (सर्व्हरवर चालवण्यासाठी तयार केलेले) कोणते, असे आपण विचारले आहे. ॲप्लिकेशन मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटचे आहे असे आपण लिहिले असल्याने उत्तर त्यापुरतेच देतो.

‘बिन’ फोल्डर, डीएलएल (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) आणि वेब डॉट कॉन्फिग (सेटिंगची फाइल) या खुणांवर भिस्त ठेवू नका, कारण त्या दोन्हीकडे सापडू शकतात. मीही त्यातच फसलो होतो. दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्याची पावती बदलायची होती. ‘सोर्स फायनल’ नावाच्या फोल्डरात सीएसएचटीएमएल (पानाच्या मांडणीच्या) फाइल उघडून वाचता येत होत्या, म्हणून मी निर्धास्तपणे काम घेतले आणि ऐन हंगामात लक्षात आले की पावतीचा हिशेब करणारी एकही सीएस (सी शार्प कोडची) फाइल तिथे नाही. एएसपी डॉट नेटच्या जुन्या एमव्हीसी पद्धतीत पब्लिश करताना व्ह्यूच्या, म्हणजे पानांच्या मांडणीच्या, फाइल सहसा तशाच राहतात, काम करणारा कोड म्हणजे कंट्रोलर मात्र डीएलएलमध्ये जातात. डाळ पेरून तूर उगवत नाही, तसे ते फोल्डर होते. आयएलस्पाय या साधनाने डीएलएलमधून बराच कोड परत मिळाला, पण मूळ लेखकाने कोडमध्ये लिहिलेल्या टिपा (कॉमेंट) त्यात उरत नाहीत.

म्हणून आधी सीएस आणि सीएसप्रोज (प्रोजेक्टची फाइल) या एक्स्टेन्शनच्या फाइल शोधा; त्या सोर्सच्या खुणा. वेब फॉर्म्स या जुन्या पद्धतीचे काम असेल तर प्रत्येक एएसपीएक्स पानाच्या जोडीला एएसपीएक्स डॉट सीएस आहे का, ते पाहा. पान उघडल्यावर आत केवळ प्रीकंपायलेशनची एक ओळ दिसली, तर ते पब्लिश केलेलेच आहे. डॉट नेट कोअर या नव्या आवृत्तीत फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर रनटाइमकॉन्फिग डॉट जेसनने संपणारी फाइल दिसणे हीच पब्लिश केलेल्याची खूण. एक अपवाद ध्यानात ठेवावा: जुन्या ‘वेब साइट’ पद्धतीच्या कामात सीएसप्रोज नसतेच, तिथे ‘ॲप कोड’ फोल्डरात सीएस फाइल असतात आणि तोच सोर्स असतो.

तरीही शंका राहिली तर ज्या संगणकावर हे काम कधीच झालेले नाही, तिथे व्हिज्युअल स्टुडिओमध्ये बिल्ड करून, म्हणजे कोडमधून ॲप्लिकेशन नव्याने तयार होते का, ते पाहा. नुगेटची पॅकेजे (कामात वापरलेला इतरांचा तयार कोड) उतरवण्यासाठी इंटरनेट लागते, तेव्हा आपल्याकडच्या भारनियमनाची वेळ टाळूनच बसा. आणि ही तपासणी त्या माणसाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी करा.