वाचकांचे प्रश्न : बर्थखालची पोकळी उघडावी का?

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही २२ फुटी, फायबरची, शिडाची जुनी होडी विकत घेतली. तिच्या नाळेकडच्या (पुढच्या टोकाकडच्या) केबिनमध्ये दोघांना झोपता येईल असा त्रिकोणी बर्थ आहे. बर्थची लांबी १.९ मीटर आणि डोलकाठीकडची रुंदी दीड मीटर आहे. वरची फळी ठोकली की खाली पोकळ असल्याचा आवाज येतो, मात्र आत जायला कोठेही दार नाही. आम्ही पती-पत्नी दोन-दोन दिवस वाशिष्ठी खाडीतून गोवळकोटकडे जातो, तेव्हा सगळे सामान पायांत येते. बर्थच्या समोरच्या उभ्या फळीला दार करून त्यात जादा नांगर व साखळी, शेगडीचे सिलिंडर, कपडे आणि लाइफ जॅकेट ठेवावीत असा विचार आहे. गावातला सुतार एका दिवसात काम करून देतो म्हणतो. करून घ्यावे का?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : करून घ्यावे, पण समोरून नव्हे आणि संपूर्ण पोकळीही उघडू नये. शिवाय सुताराला बोलावण्याआधी त्या पोकळीत नेमके काय आहे हे आपण स्वतः पाहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बंद ठेवलेली जागा वाया गेलेली असते असे आपल्याला घरात वाटते. होडीत मात्र ती बांधणाऱ्याने बहुधा जाणूनबुजून बंद केलेली असते.

जुनी सागवानी होडी, तिच्यात इंजिनाचे किंवा निरमाचे (तोल राखण्यासाठी तळाशी ठेवलेल्या वजनाचे) ओझे नसेल तर, पाण्याने काठोकाठ भरली तरी तळाला जात नाही, कारण लाकूडच तिला धरून ठेवते. फायबर पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे फायबरच्या होडीत तरंगण्याची शक्ती वेगळी ठेवावी लागते आणि ती हवाबंद पोकळीच्या किंवा फोमच्या रूपाने बर्थखाली व बसण्याच्या बाकांखाली ठेवण्याची रीत आहे. आपण दिलेल्या मापांवरून आणि तळाच्या निमुळत्या आकाराचा अंदाज घेऊन ही पोकळी सुमारे २५० लिटरची असावी. समुद्राचे पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरते, म्हणजे होडीत पाणी शिरले तर ही एक बंद पोकळी अडीचशे किलोंच्या आसपास भार वर उचलून धरील. आपल्या होडीची लोखंडी कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, २५० किलोंची धरली, तर पाण्यात तिचे वजन सुमारे २१५ किलो राहते, म्हणजे ही पोकळी एकटीच ते पेलू शकते. सुतार एका दिवसात जे कापून देणार आहे, ते एवढे मोलाचे असू शकते.

तेव्हा प्रथम बर्थच्या वरच्या फळीत, डोलकाठीच्या बाजूस, १० मिलिमीटरचे एक भोक पाडावे आणि मोबाइलला जोडण्याचा बारीक नळीचा कॅमेरा आत सोडून पाहावे. आत तळाचे पाणी दिसले आणि ते केबिनच्या तळाशी छिद्राने जोडलेले असेल, तर ती हवाबंद जागा नाहीच. ती वापरायला तरंगण्याच्या दृष्टीने हरकत नाही. आत कोरडी, चारही बाजूंनी फायबरने लिंपलेली पोकळी दिसली, तर ती हवाबंद कोठी समजावी. पिवळसर फोम दिसला, तर भोकातून एक लांब स्क्रू फिरवून थोडा फोम बाहेर काढून हातात घेऊन पाहावा. फोम पाणी पीत नाही असे समजले जाते, पण वर्षानुवर्षे ओलीत राहिलेला फोम पाणी पितो. मी दुरुस्तीला घेतलेल्या एका होडीची नाळ सदैव खाली बसलेली असे आणि मालकाला ते नांगराच्या साखळीमुळे वाटे. बर्थची फळी उचलली तेव्हा आतला फोम चहाच्या रंगाचा झालेला होता, त्याचा विटेएवढा तुकडा मुठीत दाबल्यावर मनगटावरून पाणी ओघळले आणि त्या तुकड्याला कुजक्या शेवाळाचा वास येत होता. असा फोम तरंगायला मदत करीत नाही, उलट ओझे होतो. तो मिळाला तर काढून टाकणे हेच पहिले काम ठरते.

जागा हवाबंद निघाली किंवा फोम चांगला निघाला, तर माझा सल्ला मधला मार्ग घेण्याचा आहे. डोलकाठीकडचा साधारण ४५ सेंटिमीटरचा पट्टा तेवढा सामानासाठी घ्यावा, तेथे आतून मरीन प्लायची आडवी भिंत उभी करून ती फायबरच्या पट्ट्यांनी दोन्ही बाजूंस पक्की लिंपावी आणि नाळेकडचा भाग पूर्वीसारखाच बंद राहू द्यावा. बर्थ तेथे सर्वांत रुंद असल्यामुळे एवढ्याशा पट्ट्यातही शंभर-सव्वाशे लिटर जागा मिळते. जेवढे लिटर आपण उघडले, तेवढे लिटर न भिजणारा फोम मागच्या बाकांखाली, शक्य तितका वर आणि दोन्ही कडांना, पट्ट्यांनी बांधून बसवावा. फोम अगदी तळाशी भरला तर भरलेली होडी पालथी होऊ पाहते. वर आणि कडेला असला तर ती सरळ राहते.

याच मांडणीने वजनाचा प्रश्नही पुष्कळसा सुटतो. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, म्हणजे २० मीटर साखळी २८ किलो झाली. जादा नांगर धरून ४० किलो समजू. एवढे ओझे होडीच्या मध्यापासून अडीच मीटर पुढे, नाळेत ठेवले, तर आपल्यासारख्या होडीची नाळ अदमासे दोन सेंटिमीटर खाली बसेल. ते डोळ्यांना फारसे जाणवणार नाही, पण दाभोळच्या मुखाशी समोरून लाट आली की जाणवेल, कारण टोकाला ठेवलेल्या वजनामुळे होडीचे आपटणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात जड होत जाते आणि अंतर दुप्पट झाले की तेच वजन चौपट बाधते. म्हणून जादा नांगर व साखळी बर्थखाली नकोच. ती होडीच्या मध्याजवळ, तळाशी बांधून ठेवावी.

समोरच्या उभ्या फळीला दार करू नये, असे मी म्हटले त्याची कारणे दोन आहेत. ही फळी डोलकाठीच्या अगदी जवळ असते आणि डोलकाठी केबिनच्या छपरावर उभी असेल तर तिचा खालचा दाब पेलण्यात ही फळी भाग घेत असते. दुसरे असे की, होडी कलली की तळाचे पाणी थेट दाराच्या उंबऱ्याशी येते. वरून झाकणे केली तर गादी उचलावी लागते हे खरे, परंतु सामान कोरडे राहते. गादीचे दोन तुकडे करून घेतले की तो त्रासही कमी होतो.

वर एकच मोठे झाकण न करता डावे-उजवे, प्रत्येकी साधारण ४० × ३० सेंटिमीटरचे, अशी दोन करावीत आणि मधली पट्टी न कापता ठेवावी. होडीच्या अंगाला फळी जेथे फायबरच्या पट्टीने जोडली आहे, तेथपासून निदान सात-आठ सेंटिमीटर आत राहावे. कोपरे काटकोनात कापू नयेत. प्रथम ६० मिलिमीटर व्यासाच्या होल-सॉने चार कोपऱ्यांना गोल भोके पाडून मग जिगसॉने ती जोडावीत, म्हणजे कोपऱ्यातून तडा जात नाही. कापून निघालेला तुकडा जपून काढला तर तोच झाकण म्हणून वापरता येतो. खालून सागवानी पट्ट्या अशा चिकटवाव्यात की त्यांची दीड-दोन सेंटिमीटर कड झाकणाला टेकायला मिळेल. पट्ट्यांना ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू लावावेत, ३०४ प्रतीचे खाऱ्या हवेत लवकर गंजतात. प्लाय नवा घ्यायचा असेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जाता त्यावर ‘आयएस ७१०’ हा शिक्का पाहावा. कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी रेझिनचे दोन-तीन हात द्यावेत. प्लाय कुजायला सुरुवात होते ती येथूनच, आणि घाईच्या कामात नेमके हेच राहून जाते. झाकणाला २५ मिलिमीटरचे बोट घालण्याचे भोक ठेवावे, त्यातूनच आत हवा खेळते. आणि होडी आडवी झाली तरी झाकण निघू नये म्हणून प्रत्येकाला एक फिरती पट्टी लावावी.

आता सामानाविषयी. कपडे, अंथरूण, जादा शीड ठेवण्यास ही जागा उत्तम आहे. गॅसचे सिलिंडर येथे कधीही ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो तळाशी साचून राहतो आणि आपण त्याच्यावर झोपलेले असता. पेट्रोलच्या कॅनला हाच नियम लागू आहे. लाइफ जॅकेट गादीखाली ठेवणे म्हणजे ज्या क्षणी ती हवीत त्या क्षणी ती न मिळणे. ती दारापाशी, हात पोचेल अशा जागी टांगावीत आणि अग्निशामक नळकांडेही तेथेच ठेवावे.

होडी पावसाळ्यात शाकारलेली असते, म्हणून काम तेव्हाच उरकून घ्यावेसे वाटेल, पण दमट हवेत रेझिन नीट धरत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम काढावे. फायबर घासताना नाका-तोंडाला चांगला मास्क लावावा, कारण काचेची ती धूळ छातीत जाते. होडीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे झालेली असेल, तर कापण्याआधी सर्वेक्षकालाही विचारून घ्यावे.

झाकणे बसल्यावर लगेच सामान भरू नये. दोन्ही कप्प्यांच्या तळाशी कोरडे वर्तमानपत्र पसरून भरतीला खाडीच्या मुखापर्यंत एक फेरी मारून यावी आणि परत आल्यावर कागद उचलून पाहावा. डाग कडेला असेल तर पाणी वरच्या जोडातून आलेले असते, मध्यावर असेल तर तळातून आणि नाळेच्या बाजूला असेल तर आपण उभारलेल्या नव्या भिंतीचे लिंपण पुन्हा करावे लागेल.