वाचकांचे प्रश्न : जेटची वाट पाहावी की एटीआरची नोकरी स्वीकारावी?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची असून तिने गेल्या वर्षी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे आणि तिच्या प्रशिक्षणासाठी आम्ही घर तारण ठेवून कर्ज काढले. आता एका लहान प्रादेशिक विमान कंपनीने तिला एटीआर या पंख्याच्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे. नातेवाईक म्हणतात की पंख्याच्या विमानात अडकू नये, मोठ्या कंपनीच्या जेटची वाट पाहावी. शिवाय सोलापुरातूनही आता विमाने सुटतात, तर तिला घरी राहून ही नोकरी करता येईल का, असे तिची आई विचारते. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलीने ही नोकरी स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र सही करण्यापूर्वी कराराचे एकेक कलम आपण दोघांनी सोबत बसून वाचावे.

आधी वाट पाहण्याविषयी. परवाना मिळतो तेव्हा लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, साधारण २०० तास असतात आणि त्यांतले बहुतेक एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानावरचे असतात. उड्डाण थांबले की हाताची सवय मोडते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेची, चाचणी दर वर्षी द्यावी लागते, वैद्यकीय तपासणीही ठरल्या वेळी करावी लागते, आणि हा सगळा खर्च उमेदवाराच्याच खिशातून जातो. इकडे कर्जाचे हप्ते चालूच राहतात. जेटच्या आशेवर दोन वर्षे घरी बसलेले उमेदवार मी पाहिले आहेत. पुढे सिम्युलेटरच्या निवड चाचणीत त्यांचे हात अडखळतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांच्यात गुणवत्ता कमी नसते.

‘पंख्याचे विमान’ या शब्दांत जी उपेक्षा आहे ती अनाठायी आहे. एटीआर ७२ हे सुमारे सत्तर प्रवाशांचे, दोन इंजिनांचे विमान असून त्याचा पंखा फिरवणारे इंजिनही जेटसारखे टर्बाइनच असते. जेट ३५ हजार फुटांच्या वर जाऊन पुष्कळसे खराब हवामान खाली सोडते. एटीआरची मर्यादा मात्र २५ हजार फुटांची असल्यामुळे पावसाळ्यात ढगांच्या वरून जाण्याची सोय नसते, रडारवर त्यांची घनता पाहून बाजूने वाट काढावी लागते. एक-एक तासाचे टप्पे असल्याने दिवसाला चार उड्डाणे आणि चार वेळा उतरणे सहज होते, तर लांब पल्ल्याच्या जेटवरील नव्या सहवैमानिकाला तेवढीच लँडिंग मिळण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते.

मी स्वतः अकरा वर्षे एटीआर चालवले आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. मे महिन्यातील दुपार, तापमान ४२ अंश, आणि समोर दख्खनच्या पठारावरील एक लहान धावपट्टी. तापलेली हवा विरळ असल्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. उड्डाणाच्या वेळी म्हणूनच कधी कधी प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. उतरताना मात्र वेगळीच परीक्षा असते. नांगरलेल्या काळ्या रानावरून उठणारी गरम हवा विमानाला वर ढकलते, पुढे ओढ्याकाठची हिरवळ आली की तेच विमान एकाएकी खाली बसते, आणि शेवटच्या पाचशे फुटांत डावा हात सुकाणूच्या चाकावर व उजवा हात पॉवर लिव्हरवर सतत बारीक बारीक हालत राहतो. माझ्या शेजारी बसलेल्या नव्या मुलाने त्या दिवशी विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकणार हे वेळीच ओळखून ‘गो अराउंड’ असा आवाज दिला. मी पुन्हा वर गेलो आणि दुसऱ्या फेरीत नीट उतरलो. त्याचे हे शिक्षण अशाच दुपारी, अशाच धावपट्ट्यांवर झाले होते.

आता कराराकडे वळू. टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, लाखो रुपयांचे असते. तो खर्च कंपनी करणार की आपण, कंपनीने केल्यास बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचे बंधन, किती वर्षांचा, आणि मध्येच सोडल्यास रक्कम सेवेच्या प्रमाणात कमी होते की पूर्ण भरावी लागते, हे लेखी असले पाहिजे. रेटिंगनंतर प्रशिक्षक कॅप्टनसोबतचे लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण, किती दिवसांत सुरू होईल आणि तोपर्यंत वेतन मिळेल का, हेही विचारावे. माझ्या पहिल्या कंपनीने तारीख न घातलेले कोरे धनादेश माझ्याकडून घेऊन ठेवले होते आणि पुढे तीन महिने पगार थकवला; नोकरी सोडावी तर धनादेश वटवण्याची धास्ती, राहावे तर घरभाडे थकलेले, अशा अवस्थेत मी रोज प्रवासी घेऊन उडत होतो. वैमानिकाच्या डोक्यात असा घोर असता कामा नये. म्हणून कोरा धनादेश कोणी कितीही सहजपणे मागितला तरी देऊ नये.

कंपनीकडे प्रत्यक्ष उडणारी विमाने किती आहेत, हेही पाहावे. दोन-तीन विमानांच्या कंपनीत एक विमान दुरुस्तीला उभे राहिले की सर्वांचे तास घटतात. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेतील तुटीची भरपाई एखाद्या मार्गाला तीन वर्षेच मिळते, त्यानंतर तो मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर बंद पडतो. या व्यवसायात काळ कसा लागतो हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको : विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले, आणि गोव्याचे विमान सुरू व्हायला ९ जून २०२५ हा दिवस उजाडला. तरीही हा धोका पत्करण्याजोगा आहे. वर्षाला १००० तास ही उड्डाणाची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. तिला ६००-७०० तास मिळाले तरी एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी लागणारे १५०० तास दोन-सव्वादोन वर्षांत भरतील, आणि इतर अटी व परीक्षा पूर्ण केल्यावर कॅप्टनपदाचा मार्ग खुला होईल. कंपनी बंद पडली तरी हे तास लॉगबुकातून कोणी काढून घेत नाही. पुढे जेटवर जायचे झाल्यास नवे टाइप रेटिंग मात्र करावे लागेल.

तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नाही असे आहे. वैमानिकाला कंपनीच्या बेसच्या शहरातच राहावे लागते, कारण विमान रात्री तिथे मुक्कामी असते आणि पहाटेची ड्यूटी तिथूनच सुरू होते. तिचे विमान सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर आले तरी ते अर्ध्या तासात परत फिरेल. त्या वेळात तिला विमानाला फेरी मारून टायरवरचे काप, पंख्याच्या पात्यांच्या कडा आणि इंधनाची नोंद तपासायची असेल. जुळे सोलापूर तिथून हाकेच्या अंतरावर असूनही तिला घरी येता येणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : मी अकरावी वाणिज्य शाखेत शिकते आणि मला चष्मा आहे. मला वैमानिक होता येईल का?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : होता येईल. बारावीच्या पातळीचे भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या निकषात बसत असेल तर अडचण येत नाही. रंग ओळखण्याची चाचणी मात्र कसून घेतली जाते. त्यामुळे कोणत्याही संस्थेत प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या यादीतील डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची आणि तीत पात्र ठरल्यास प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि कर्जाचा विचार त्यानंतरच करावा.