सेकंद वेगळे, आयएनआर तोच

प्रश्न : माझ्या यजमानांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी मायट्रल नावाच्या झडपेच्या जागी धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवायला सांगितलंय. गेल्या महिन्यात पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 34 सेकंद होता, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये 27 सेकंद आला. आयएनआर मात्र दोन्हीकडे 2.8. सात सेकंद कमी झाले म्हणजे रक्त घट्ट झालं का? अर्धी गोळी वाढवू का? पालेभाजी आम्ही केव्हाच बंद केली आहे.

उत्तर : ताई, गोळी वाढवू नका. तुमच्या कामाचा आकडा 2.8 हा आहे आणि तो जिथे हवा तिथेच आहे.

मी वीस वर्षं हीच तपासणी करत आले, आणि सेकंदांना घाबरलेली माणसं मला सारखी भेटतात. लॅबमध्ये होतं ते असं : तुमच्या रक्तातला पातळ द्रव वेगळा काढून त्यात थ्रोम्बोप्लास्टिन हे गुठळी सुरू करणारं रसायन आणि कॅल्शियम घालतो आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतो. थ्रोम्बोप्लास्टिन प्रत्येक कंपनीचं सारखं नसतं. एक झटकन गुठळी धरवतं, दुसरं रेंगाळतं. म्हणून सेकंद लॅबगणिक बदलतात. हा घोळ मिटवायला जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये आयएनआरची पद्धत स्वीकारली. समजा, पहिल्या लॅबमध्ये निरोगी माणसाचा पीटी 12 सेकंद आहे आणि तिथल्या रसायनाचा निर्देशांक (ते किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) 1 आहे. 34 ला 12 ने भागलं की 2.8 येतात. दुसरीकडे निरोगी माणसाचे 13 सेकंद आणि निर्देशांक 1.4 असेल, तर 27 ला 13 ने भागून त्याचा 1.4 वा घात घेतला की हिशेब 2.8 वरच येतो. तरी शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, थोडाफार फरक उरतोच.

रक्त देताना एक बघा. निळ्या झाकणाच्या नळीत आधीच सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण असतं. रक्त कमी पडलं की ते प्रमाणाबाहेर होतं आणि आयएनआर खोटाच जास्त येतो, त्यामुळे नळी खुणेपर्यंत भरायलाच हवी. सुरुवातीच्या काळात मी झडप बसवलेल्या एका बाईंची अर्धवट भरलेली नळी तशीच चालवून घेतली होती. आयएनआर 4.6 आला आणि त्या बाईंच्या गोळ्या दोन दिवस थांबवल्या गेल्या. पुन्हा रक्त घेतलं तेव्हा 2.6. झडप असलेल्या माणसाचे ते दोन दिवस माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. त्यानंतर मी कमी भरलेली नळी कधीच स्वीकारली नाही. तुम्हीही बेधडक सांगा, पुन्हा घ्या म्हणून.

वॉरफॅरिन रक्तातले जुने गोठणघटक काढून टाकत नाही, नवे तयार होणं अडवतं. सातवा घटक काही तासांत निम्मा होतो, पण प्रोथ्रोम्बिन या दुसऱ्या घटकाला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणजे आज वाढवलेल्या अर्ध्या गोळीचा पुरता परिणाम दिसायला बरेच दिवस जातात. तोवर घाबरून आणखी अर्धी वाढवली, तर पुढच्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येईल. गोळीचा हिशेब डॉक्टरांवरच सोडा.

पालेभाजी पुन्हा सुरू करा, मात्र डॉक्टरांना कळवून आणि हळूहळू, कारण त्यातलं व्हिटॅमिन के वाढलं की आयएनआर खाली येतो. पुढच्या तपासण्या थोड्या लवकर कराव्या लागतील. भाजी खायला हरकत नाही, पण प्रमाण रोज साधारण तेच हवं. एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं केलंत तर आकडा हलतो.

यापेक्षा मला औषधांची जास्त काळजी वाटते. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर चढतो, रिफाम्पिसिनने उतरतो. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळीने आकडा फारसा हलला नाही, तरी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नवं औषध सुरू झालं किंवा जुलाब लागून जेवण सुटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, लवकर तपासा. हे सगळं एका वहीत लिहा : तारीख, आयएनआर, गोळी किती, चुकली का.

आणखी एक. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, असं कुणीतरी सांगेलच. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. कुणी कितीही सुचवलं तरी वॉरफॅरिन सोडू नका.

डोक्याला मार लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर रिपोर्ट शोधत बसू नका. यजमानांना घेऊन थेट रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, वॉरफॅरिन चालू आहे.